चुलीवर चढलेली काच : आग सोसणाऱ्या भांड्यांचा इतिहास (थ्रेड)

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पाण्याच्या पेल्याची साधी काच ओघळण्याइतकी मऊ होते, ती ७०० अंशांच्या पुढे. नुसत्या आकड्यांवर विसंबले तर काच अधिक कणखर ठरायला हवी. प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियमचे पातेले वर्षानुवर्षे चुलीवर चढते-उतरते आणि काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेल्याला तडा जातो. त्या चहाचे तापमान १०० अंशांपेक्षाही कमी असते.

‘आग सोसणे’ आणि ‘न वितळणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माणसाला फार उशिरा उमगले. कुंभाराच्या हातांना ते हजारो वर्षे ठाऊक होते. कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील येना या गावी, तापमापी आणि दिव्यांच्या काचा बनवताना सापडले. तेथून ते स्वयंपाकघरात कसे आले, त्याची ही हकिकत.

स्वयंपाकातली उष्णता तशी मोठी नाही. तळणीचे तेल १८० अंशांच्या आसपास असते, घरगुती ओव्हन २५० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. ज्वाला स्वतः कितीही तप्त असली तरी भांड्यात पाणी आहे तोवर भांडे त्या तापमानाला पोहोचत नाही. एवढ्या उष्णतेने कोणतीच काच वा माती वितळत नाही. घात होतो तो विषमतेने. भांड्याचा तळ तापतो, कड थंड राहते. तापलेला भाग फुगू पाहतो आणि थंड भाग त्याला फुगू देत नाही. एकाच भांड्याचे दोन भाग एकमेकांशी झगडतात आणि त्या ओढाताणीत भांडे फुटते.

हे फुगणे डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. साध्या काचेची १ मीटर लांबीची कांडी १०० अंशांनी तापवली तर ती सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढते. लोखंड जवळजवळ १.२ मिलिमीटरने वाढते, तांबे १.७, अ‍ॅल्युमिनियम तर २.३ मिलिमीटरने. म्हणजे धातू काचेपेक्षा अधिक फुगतात. तरी ते तडकत नाहीत, याची कारणे दोन. धातूंतून उष्णता झरझर पसरते, त्यामुळे भांड्याच्या दोन भागांत मोठा फरक राहतच नाही. शिवाय ताण आला तर धातू किंचित वाकतो, ताणला जातो आणि ताण जिरवून टाकतो. काचेला यांपैकी काहीच जमत नाही. तिच्यातून उष्णता सावकाश सरकते आणि तिला वाकणे माहीत नाही. अदृश्य ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, तडा सुरू होतो आणि क्षणार्धात आरपार जातो. या ओरखड्यांचे गणित इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये मांडले.

धातूंची बाजू अर्थात निर्दोष नव्हे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई लागते. कल्हई म्हणजे कथिल, आणि कथिल २३२ अंशांनाच वितळते. रिकामे पातेले विस्तवावर विसरले की भांडे शाबूत राहते, पण कल्हई उतरते आणि पुढचा आंबट पदार्थ थेट तांब्यापितळेला भिडतो. नवसागराचा धूर काढत गल्लोगल्ली फिरणाऱ्या कल्हईवाल्याचा धंदा या एका आकड्यावर उभा होता.

आता मातीकडे वळू. चीनच्या जिआंगशी प्रांतातील शिआनरेनदोंग गुहेत सापडलेली खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची मानली जातात. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीची. जपानमधील जोमोन भांड्यांच्या आतल्या बाजूस चिकटलेली जळकी खरड तपासता त्यांत मासे व अन्य जलचर शिजवल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे भांडे विस्तवावर चढवण्याची विद्या बरीच जुनी आहे. ती साधली कशी?

एक उपाय मातीतच होता. नुसती गाळीव, चिकण माती घेऊन केलेले भांडे भाजताना वा वापरताना सहज तडकते. म्हणून कुंभार तीत वाळू, भुसा, तूस, राख, लीद, अभ्रकाची पूड, दळलेली जुनी खापरे असे काहीबाही मिसळतो. भुसा भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. तडा निघतो, एखाद्या पोकळीपाशी वा वाळूच्या कणापाशी येतो आणि तेथेच थबकतो. भांडे अशा लाखो बारीक दोषांनी भरलेले असते, आणि त्या दोषांमुळेच ते टिकते. मोठा तडा एकसंध, निर्दोष पदार्थातच सुसाट धावतो. ग्रिफिथ यांचे गणित माहीत नसताना कुंभारांनी त्यावरचा उतारा शोधून ठेवला होता, हे नवलच म्हटले पाहिजे.

भर कोणती घालायची, यातही खोल जाण दिसते. वाळूतील गार, म्हणजे क्वार्ट्झ, मातीपेक्षा जास्त फुगते आणि ५७३ अंशांना तिची अंतर्रचना एकदम बदलून ती आणखी उसळते. शिंपल्यांच्या चुऱ्याचे फुगणे मात्र भाजलेल्या मातीच्या फुगण्याशी बरेच जुळते. उत्तर अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील मूळ रहिवाशांनी हजारेक वर्षांपूर्वी शिंपल्याची भर मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आणि त्यांची शिजवणीची भांडी पातळ, मोठी व गोलाकार होत गेली. शिंपल्याचा धोका वेगळा. भट्टी जास्त तापली तर त्याचा चुना होतो, तो पुढे हवेतील ओल पिऊन फुगतो आणि भांड्याचे टवके उडतात. म्हणजे भट्टी बेताचीच तापवायची. हे सारे तंत्र लेखी सूत्रांवाचून पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत गेले.

दुसरा उपाय आकाराचा. मडक्याचा तळ गोल का? सपाट तळ आणि उभी भिंत जेथे भेटतात तेथे कोपरा होतो, आणि कोपऱ्यात ताण साठतो. गोल बुडाला कोपराच नाही. ते तीन दगडांच्या चुलीवर नीट बसते आणि ज्वाला सगळीकडून सारखी लागते. सपाट ओट्यावर ते डगमगते, त्याला चुंबळ लागते. ही अडचण सोसून जगभरच्या कुंभारांनी गोल बूड पत्करले.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाण काळाची ओळख ज्या भांड्यांनी होते, ती जोर्वे पद्धतीची भांडी लाल, वर काळ्या रंगाची नक्षी असलेली, पक्की भाजलेली आणि टिचकी मारली तर धातूसारखी खणखणणारी आहेत. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून त्यांना हे नाव मिळाले; घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात, जे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ चालवले, ती विपुल मिळाली. त्यांच्या जोडीला जाड, खरबरीत, हाताने घडवलेली भांडीही सापडतात. संग्रहालयाच्या कपाटात मान मिळतो तो नक्षीच्या भांड्यांना. पण विस्तवाशी रोज दोन हात करण्याची लायकी पोताने खरबरीत असलेल्या भांड्यात अधिक असते. खणखणीत आवाज म्हणजे आत पोकळ्या कमी, आणि पोकळ्या कमी म्हणजे तड्याला मोकळी वाट.

काचेला हा मार्ग बंद होता. तिच्यात भुसा मिसळता येत नाही; मिसळला तर ती काच राहत नाही. पारदर्शक हवी तर एकसंधच हवी. मग उरतो एकच उपाय : मुळात फुगणेच कमी करायचे.

शुद्ध वाळूची, म्हणजे नुसत्या सिलिकाची काच हे काम उत्तम करते. १ मीटर कांडी १०० अंशांनी तापवली तर तिची वाढ जेमतेम ०.०५ मिलिमीटर. लालबुंद तापवून ती पाण्यात बुडवली तरी तडकत नाही. पण सिलिका वितळवायला १७०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्या भट्ट्या प्राचीन कारागिरांपाशी नव्हत्या. म्हणून इजिप्त-मेसोपोटेमियाच्या काळापासून वाळूत सोडा किंवा राखेचे क्षार घालून तिला कमी तापमानाला वितळवले गेले आणि ती पाण्यात विरघळू नये म्हणून चुना आला. काच स्वस्त झाली, पण सोड्याने सिलिकाची घट्ट वीण सैल केली आणि सैल विणीची काच तापली की जास्त फुगू लागली. काच वितळवण्याची सोय आणि काच तडकण्याची खोड एकाच खारातून आली. साडेतीन हजार वर्षे माणूस हा सौदा निमूटपणे पाळत होता.

त्यातून सुटका केली टाकणखाराने. सोनाराच्या दुकानात डाग देताना लागणारी ही पांढरी पूड. संस्कृतातला ‘टङ्कण’ मराठीत ‘टाकणखार’ झाला आणि तोच शब्द फारसी-अरबी व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात ‘टिंकल’ म्हणून पोहोचला. शब्दाचा हा प्रवास मालाच्या प्रवासाची खूण आहे. तिबेट-लडाखच्या खाऱ्या सरोवरांकाठचा टाकणखार हिमालय उतरून हिंदुस्थानमार्गे युरोपात जाई, आणि व्हेनिसचे व्यापारी तो शुद्ध करून महाग विकत. पुढे इटलीतील टस्कनी प्रांतात बोरिक आम्ल मिळाले आणि १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतून वीस-वीस खेचरांच्या गाड्यांनी टाकणखार बाहेर पडू लागला. सोनाराच्या पुडीतला पदार्थ आता टनांच्या मापाने येऊ लागला. हे घडले नसते तर पुढचे शोध प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहिले असते.

टाकणखारातील बोरॉन काचेत सोड्याचे काम करतो, म्हणजे वितळणे सोपे करतो; पण सोड्यासारखी वीण सैल करत नाही. तो स्वतःच सिलिकाच्या जाळ्यात गुंफला जातो. सुमारे ८० टक्के सिलिका, १३ टक्के बोरॉन ऑक्साइड, थोडा सोडा, किंचित अ‍ॅल्युमिना, अशा काचेची तीच १ मीटर कांडी १०० अंशांना ०.३३ मिलिमीटरच वाढते. साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांश.

ही वाट शोधणारा माणूस म्हणजे ऑटो शॉट. जन्म १८५१, जर्मनीतील विटेन गावी, काच कारखानदारांच्या घराण्यात. कारागिरांची परंपरा त्याच्या घरात होती, पण त्याने शिक्षण रसायनशास्त्राचे घेतले. काचेत कोणता पदार्थ किती घातल्यास कोणता गुण येतो, याचा पद्धतशीर शोध तोवर फारसा कुणी घेतला नव्हता. १८७९ मध्ये त्याने लिथियमयुक्त काचेचा नमुना येना विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्याकडे पाठवला. आबे तेव्हा कार्ल झाइस यांच्या सूक्ष्मदर्शकांसाठी चांगल्या काचेच्या शोधात होते. तो नमुना भिंगांच्या कामाचा निघाला नाही, पण पत्रव्यवहार सुरू राहिला आणि १८८४ मध्ये शॉट, आबे, कार्ल झाइस व त्यांचे पुत्र रोडेरिक यांनी मिळून येनात काचेची प्रयोगशाळा काढली.

प्रयोगशाळेपुढे आलेल्या प्रश्नांत एक तापमापीचा होता. त्या काळचे तापमापी खोटे बोलत. एकदा उकळत्या पाण्यात बुडवून मग बर्फात ठेवले तर पारा पूर्वीच्या शून्यावर येत नसे, कारण काच तापून फुगल्यावर पुरती पूर्वस्थितीला परतत नसे. शॉटने यासाठी वेगळ्या काचा घडवल्या. पाठोपाठ दिव्यांचा प्रश्न आला. ऑस्ट्रियातील कार्ल आउअर यांच्या जाळीच्या गॅसबत्त्या १८९० च्या दशकात युरोपभर पसरल्या. त्यांच्या प्रखर उष्णतेने साध्या काचेच्या चिमण्या पटापट तडकत. येनाच्या बोरॉनयुक्त चिमण्या टिकल्या. कारखान्याला आर्थिक बळ दिले ते मुख्यत्वे या चिमण्यांनी. भिंगांचा गौरव इतिहासात अधिक झाला, पण खर्च दिव्यांनी भागवला.

१८९४ मध्ये शॉट आणि भौतिकशास्त्रज्ञ आडोल्फ विंकेलमान यांनी उष्णतेचा धक्का सोसण्याची कुवत एका सूत्रात बसवली. पदार्थ जितका बळकट आणि उष्णता जितक्या लवकर पसरवणारा, तितका टिकाऊ. जितका ताठर आणि फुगणारा, तितका नाजूक. वितळण्याच्या तापमानाला या सूत्रात जागाच नाही.

आता अटलांटिकपलीकडे जाऊ. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग गावी एक काच कारखाना होता. रेल्वेच्या कंदिलांच्या काचा हा त्याचा मोठा व्यवसाय. रेल्वेचा कंदील रात्रभर जळतो, काच तापते आणि वरून पाऊस वा बर्फ पडतो. काच तडकली की वारा आत शिरतो आणि सिग्नल विझतो. अंधारात विझलेला सिग्नल म्हणजे काय, हे सांगायला नको. १९०८ मध्ये कारखान्याने रसायनशास्त्रज्ञ यूजीन सलिव्हन यांना नेमून प्रयोगशाळा काढली. त्यांनी आणि विल्यम टेलर यांनी बोरॉन व शिसे असलेली कमी फुगणारी काच तयार केली. तिचे नाव ‘नोनेक्स’.

नोनेक्स इतकी टिकाऊ निघाली की कंदिलांच्या काचा फुटेनाशा झाल्या आणि बदली काचांची मागणी रोडावली. उत्तम माल केल्याची शिक्षा कारखान्यालाच भोगावी लागली. या काचेचे आणखी काय करता येईल, याचा शोध सुरू झाला. विजेच्या बॅटऱ्यांची भांडी हा एक उपयोग होता.

१९१३ मध्ये जेसी लिटलटन हे भौतिकशास्त्रज्ञ मिशिगन विद्यापीठातून कॉर्निंगमध्ये आले. काचेत स्वयंपाक होऊ शकेल, असे ते सहकाऱ्यांना सांगत आणि सहकारी हसत. त्यांच्या पत्नी बेसी लिटलटन यांचे ओव्हनमध्ये वापरायचे मातीचे भांडे त्याच सुमारास अल्पावधीत तडकले होते. कारखान्यातून काही टिकाऊ आणा, असे त्यांनी पतीला सांगितले. लिटलटन यांनी बॅटरीच्या दोन भांड्यांचे बूड करवतीने कापून घरी आणले. बेसीबाईंनी त्यात स्पंज केक भाजला.

दुसऱ्या दिवशी तो केक प्रयोगशाळेत गेला. शास्त्रज्ञांनी खाल्ला, यापेक्षा महत्त्वाचे आहे ते बेसीबाईंनी काय नोंदवले ते. केक लवकर भाजला. सगळीकडून सारखा भाजला. भांड्याला चिकटला नाही. धुतल्यावर वास-चव मागे राहिली नाही. आणि तळ भाजला की नाही, हे भांडे न उलटता दिसले. पुढे त्यांनी इतर पदार्थही या काचेत करून पाहिले. चकचकीत धातूचे भांडे ओव्हनच्या भिंतींतून येणारी उष्णता बरीचशी परतवून लावते. काच ती शोषते. म्हणून काचेतला पदार्थ तांबूस लवकर होतो. चुलीपुढे उभे राहून केलेले हे निरीक्षण भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरले.

अडचण शिशाची होती. शिसे असलेली काच अन्नाला चालणार नाही. सलिव्हन आणि टेलर यांनी शिसे वगळून नवे मिश्रण बसवले. १९१५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९१९ मध्ये ते मिळाले. त्यावर नावे दोघांची. बेसी लिटलटन यांचे नाव तेथे नाही, आणि पेटंट मिश्रणाचे असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण मिश्रण बदलण्याचे कारण त्या केकमध्ये होते, आणि त्या कारणाची नोंद ठेवणारे दफ्तर पेटंट कार्यालयापाशी नसते.

१९१५ मध्ये ही भांडी ‘पायरेक्स’ नावाने बाजारात आली. बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या मोठ्या दुकानाने ती प्रथम घेतली. नावात ग्रीक भाषेतील अग्नी आहे असे अनेकांना वाटते. कारखान्याचा खुलासा साधा होता : पहिल्या भांड्यांत ‘पाय’ या पदार्थाची थाळी होती, आणि शेवटी ‘एक्स’ येणारी नावे कारखान्यात आधीपासून होती.

त्याच वेळी युरोपात महायुद्ध पेटले होते. प्रयोगशाळांच्या चंचुपात्रांसाठी, परीक्षानळ्यांसाठी सारे जग येनावर अवलंबून होते. १९१४ मध्ये तो पुरवठा थांबला. ब्रिटनमध्ये औषधे, स्फोटके, पोलाद यांची तपासणी करायला धड काच मिळेना. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे हर्बर्ट जॅक्सन यांनी घाईने प्रयोग करून पर्यायी मिश्रणांची सूत्रे कारखान्यांना दिली. अमेरिकेत पायरेक्सची चंचुपात्रे निघाली. केकच्या थाळीची आणि युद्धकालीन परीक्षानळीची काच एकच होती.

हिंदुस्थानातही काचेचा प्रश्न तेव्हा स्वदेशीचा प्रश्न होता. अंताजी दामोदर काळे यांनी दरवर्षी माणशी एक पैसा जमवण्याची कल्पना काढली. तिला टिळकांचा पाठिंबा मिळाला, आणि त्या ‘पैसा फंडा’तून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिकेत काचेचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे तज्ज्ञ म्हणून आले. तळेगावने काच तर केलीच. पण काच करणारी माणसेही तयार केली.

१९१६ मध्ये कराडजवळ औंध संस्थानाच्या साहाय्याने ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले. तेथला ‘प्रभाकर कंदील’ महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोहोचला. ज्या घरांत वीज नव्हती त्या घरांत कंदिलाची काच ही जपून हाताळण्याची वस्तू होती. संध्याकाळी राखेने पुसायची, वात फार वर करायची नाही, ओल्या हाताने तापल्या काचेला शिवायचे नाही. कॉर्निंगच्या रेल्वे कंदिलाला आणि गोठ्यातल्या कंदिलाला छळणारा पावसाचा थेंब एकच. उष्णतेच्या धक्क्याचे शास्त्र गावोगावच्या मुलांनी, काच फोडल्याबद्दल बोलणी खात, असे शिकून घेतले होते.

कॉर्निंगच्या काचेने पुढे आणखी उंच मजल मारली. कॅलिफोर्नियातील पालोमार दुर्बिणीचा २०० इंच व्यासाचा आरसा १९३४ मध्ये पायरेक्समध्येच ओतला गेला. रात्री थंडी पडली की आरसा आकसतो आणि ताऱ्यांच्या प्रतिमा बिघडतात. कमी आकसणारी काच येथेही तोच प्रश्न सोडवत होती.

यानंतरची मोठी पायरी अपघाताने आली. १९५०च्या दशकाच्या आरंभी कॉर्निंगमधील डोनाल्ड स्टुकी यांनी काचेचा एक तुकडा ६०० अंशांना तापवायला ठेवला. भट्टीचे नियंत्रण बिघडले आणि तापमान ९०० अंशांवर गेले. काच वितळून भट्टी खराब झाली असणार, या समजुतीने त्यांनी दार उघडले; आत दुधासारखा पांढरा, आकार न बिघडलेला तुकडा होता. चिमट्यातून तो निसटला, फरशीवर आदळला आणि फुटण्याऐवजी खणखणला. काचेच्या पोटात असंख्य सूक्ष्म स्फटिक वाढले होते. तडा एका स्फटिकापाशी येतो, वळतो, अडतो. कुंभाराने भुशाने आणि वाळूने साधलेली युक्ती काचेत आतूनच उगवली होती. या पदार्थापासून क्षेपणास्त्रांच्या नाकाचे टोपण झाले आणि १९५८ पासून पांढरी ‘कॉर्निंगवेअर’ भांडी. याच कुळातील, तापल्यावर जवळजवळ न फुगणारी काच शॉट कंपनीने १९७१ मध्ये शेगडीच्या पृष्ठभागासाठी आणली. आजच्या सपाट काळ्या विजेच्या शेगड्या तिच्या वंशातल्या.

शॉट कंपनी तोवर येनात राहिली नव्हती, निदान पुरती नव्हती. १९४५ मध्ये माघारी जाणाऱ्या अमेरिकी सैन्याने येना सोव्हिएत ताब्यात देण्यापूर्वी तेथील ४१ काचतज्ज्ञांना व व्यवस्थापकांना पश्चिमेकडे नेले. १९५२ मध्ये त्यांनी माइन्झ शहरात नवा कारखाना उभारला. येनाचा जुना कारखाना पूर्व जर्मनीच्या सरकारी मालकीत गेला. ज्या काचेला उष्णतेचा धक्का फोडू शकत नव्हता, तिचे घर राजकारणाने दुभंगले.

भारतात बोरॉनची काच मोठ्या प्रमाणावर आली ती १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘बोरोसिल’मुळे. कॉर्निंगच्या सहकार्याने मुंबईत हा उद्योग सुरू झाला आणि शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चंचुपात्राला लोक बोरोसिलच म्हणू लागले. नाव सरळ काचेच्या घटकांवरून आले आहे : बोरॉन आणि सिलिका. टाकणखार पुन्हा हिंदुस्थानात आला, या वेळी पारदर्शक होऊन.

अमेरिकेत मात्र गाडी उलटी फिरली. तेथे विकली जाणारी पायरेक्स नावाची घरगुती भांडी आता साध्या सोडा-चुन्याच्या काचेची असतात. ती काच तापवून तिच्यावर झपाट्याने हवा मारतात, त्यामुळे पृष्ठभागात दाब साठतो आणि ती हातातून पडल्यास जास्त टिकते. स्वयंपाकघरात भांडी पडण्याचे प्रसंग अधिक असतात, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण गरम थाळी ओल्या ओट्यावर ठेवण्याचे प्रसंगही कमी नसतात, आणि तेथे बोरॉनची काच सरस ठरते. युरोपात त्याच नावाची बोरॉनची भांडी मिळत राहिली. नाव तेच आणि काच वेगळी, हे बहुतेक गिऱ्हाइकांना भांडे तडकल्यावरच कळते.

बोरॉनच्या काचेचा एक त्रास भंगाराच्या टोकाला उरतो. साध्या बाटल्यांच्या भंगारात तिचे तुकडे मिसळले तर बाटल्यांच्या भट्टीत ते नीट वितळत नाहीत. नव्या बाटलीच्या भिंतीत तो तुकडा खड्यासारखा अडकून बसतो, आजूबाजूच्या काचेपेक्षा कमी आकसतो आणि बाटली थंड होताना नेमकी त्याच जागी तडकते. म्हणून काच पुन्हा वितळवणारे कारखाने जुनी चंचुपात्रे आणि ओव्हनच्या थाळ्या भंगारातून वेचून बाजूला काढायला सांगतात.